आठ दिवसांची वही

औदुंबर, वही खुंटीला आहे.
पेन तिलाच सुतळीनं बांधलंय,
नाहीतर ते दूधगाडीवाल्याच्या खिशात जातं.

आठ दिवस मी सोलापुरात.
मोतीबिंदू पिकलाय म्हणे डॉक्टर.
यंदा मंद्रूपच्या शिवारात
तेवढंच एक पीक वेळेवर आलं.

पहाटे पाचला पहिली धार हौसाची.
तिला ताटकळत ठेवलंस तर पान्हा चोरते,
मग मशीन लाव नाहीतर पाया पड.
पहिली चिळकांडी काळ्या वाटीत.
गुठळी दिसली, पाणचट दिसलं,
तर ती गाय सगळ्यांच्या शेवटी,
तिचं फडकं वेगळं, तिचं दूध कॅनमध्ये नाही.
दगडी लपवू नकोस.
मी एकदा लपवली होती, माझ्यापासूनच.
तीन सडांच्या गाईला बाजारात
लोक वाकून वाकून बघतात,
आणि भाव कुणीच बोलत नाही.

धार झाली की लगेच बसू द्यायचं नाही.
सडाची तोंडं अर्धा तास उघडी असतात.
म्हणून वैरण तेव्हा टाक, आधी नाही.
उभं राहायला कुणालाही कारण लागतं.

मालदांडीचा कडबा कुट्टी करूनच.
अख्खी पेंढी टाकलीस तर निम्मी पायाखाली,
आणि पेंढीचा भाव तूच आणलायस.
मुरघासाची पिशवी उघडली की तोंड पुन्हा आवळ.
आंबूस वास चांगला.
कुबट आला तर तेवढा थर उकिरड्यावर,
जीव तुटला तरी.

हौद दुपारी हात घालून बघ.
कोमट लागला तर त्या पीत नाहीत.
गाय तहान बोलून दाखवत नाही,
दुसऱ्या दिवशी कॅनमध्ये दाखवते.

बिल्ला चोपन्नवाली आज-उद्या माजावर येईल.
सकाळी दिसली तर संध्याकाळी डॉक्टर,
संध्याकाळी दिसली तर सकाळी.
"बघू" म्हणालास की गेले एकवीस दिवस,
खाणं चालू, हिशेब बंद.

कपिलीचा सातवा संपला. आटव तिला.
तुझा काका म्हणायचा, अजून दोन लिटर देते की.
त्या दोन लिटरचं बिल
पुढच्या वासराच्या बरगड्यांवर येतं.
मी भांडायचे. तो हसून
परत चरवी घेऊन बसायचा.

मागची पानं चाळशीलच तू, मला माहीत आहे.
श्रावणातलं एक पान लागेल:
सकाळ माझ्या अक्षरात,
संध्याकाळ कानडी आकड्यांत.
त्या दुपारी काका गेला.
अंगण माणसांनी भरलं,
कोण कुठं रडतंय कळेना,
आणि साडेपाचला गोठ्यातून
हौसाच्या आईनं हंबरडा फोडला,
त्याच्यासाठी नाही, कासेसाठी.
शेजारची निंगव्वा उठली, पदर खोचला.
धार काढली, दूध घातलं,
डेअरीची पावती आणून पानाला टाचली
आणि खाली आपल्या लिपीत लिहून ठेवलं.
वही लिही असं तिला कुणी म्हणालं नव्हतं.

महिनाभर तो रकाना मला वाचता आला नाही.
पावतीवरची शाई उडाली होती.
शेवटी वही घेऊन तिच्या दारात गेले.
घरातून बाहेर पडले ती त्या दिवशी.
एकोणीस लिटर, ती म्हणाली. फॅट चार पॉइंट एक.
मग चहा टाकला तिनं.

तर रकाना रिकामा सोडू नकोस.
चुकलास तर चूक लिही,
विसरलास तर विसरलो म्हणून लिही.
अंदाजाचा आकडा मात्र नको,
तो मला वासावरून कळतो.

आणि जरा मोठं काढ अक्षर.
पट्टी सुटली की पहिलं तेच वाचणार आहे.

हां, कालवडीच्या दाराला कडी पुरत नाही.
वरून तार गुंडाळ.
ती जिभेनं उघडते.